नावाची किल्ली कुणाकडे? होस्टिंगवाला, वेगळा डीएनएस आणि चाळीस वर्षांचा हिशोब

आजच्या भागाची सुरुवात एका श्रोत्याच्या प्रश्नानं करतो. प्रश्न साधा आहे. "मी वेबसाइटसाठी होस्टिंग घेतलंय. होस्टिंगवाला डीएनएस त्यातच फुकट देतोय. मग लोक डीएनएससाठी वेगळी कंपनी का शोधतात? पैसे जास्त झालेत का?"

प्रश्न रोखठोक आहे आणि त्याचं उत्तरही देणार आहे. पण आधी थोडा इतिहास सांगतो, कारण या प्रश्नाचं उत्तर गेल्या चाळीस वर्षांत निदान तीनदा बदललंय. आणि प्रत्येक वेळी ते का बदललं हे कळलं, की आपल्या साइटचं काय करायचं ते आपलं आपल्यालाच ठरवता येतं.

ज्यांना डीएनएस म्हणजे काय हे नक्की माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. इंटरनेटवर प्रत्येक सर्व्हरला आकड्यांचा पत्ता असतो. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, नाव राहतं. नाव सांगितलं की आकडे काढून देणारी जी व्यवस्था आहे, तिला डीएनएस म्हणतात. तुमच्या डोमेनच्या नोंदी ज्या सर्व्हरवर असतात तो नेमसर्व्हर. साइट कुठे आहे, ईमेल कुठे पोचवायचं, हे सगळं तोच सांगतो. तो गप्प बसला, की साइट ठणठणीत चालू असूनसुद्धा जगाच्या दृष्टीनं ती नाहीच.

आता सुरुवातीला जाऊ. आर्पानेटच्या काळात, म्हणजे सत्तरच्या दशकात, सगळ्या नेटवर्कसाठी एकच नोंदवही होती. होस्ट्स डॉट टीएक्सटी नावाची एक फाइल. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला एसआरआय नावाची संशोधन संस्था आहे. तिथल्या माहिती केंद्रात ही फाइल सांभाळली जायची. केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. सगळे त्यांना जेक म्हणायचे. तुमच्या विद्यापीठात नवा संगणक जोडलात, की या केंद्राला कळवायचं. तिथली माणसं फाइलमध्ये एक ओळ वाढवणार आणि मग बाकीचे सगळे ती फाइल उतरवून घेणार. म्हणजे गावात एकच तलाठी आणि एकच दप्तर, असा कारभार.

संगणक शेकड्यांत गेले तशी ही पद्धत कुथायला लागली. फाइल मोठी होत चालली, ती उतरवून घेणारे वाढले, आणि प्रत्येक बारीकसारीक बदलासाठी एकाच कार्यालयाच्या तोंडाकडे बघावं लागे. तेव्हा दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये जॉन पोस्टेल काम करत होते. यावर काय करायचं याचे निरनिराळे प्रस्ताव त्यांच्यासमोर आले होते. त्यांनी ते पॉल मोकापेट्रिस या सहकाऱ्याच्या हातात दिले आणि त्यातून मधला मार्ग काढायला सांगितलं. मोकापेट्रिसनी ते प्रस्ताव बाजूला ठेवले आणि स्वतःची वेगळी रचना आणली. नोव्हेंबर १९८३ मध्ये ती आरएफसी ८८२ आणि ८८३ या दोन कागदपत्रांत प्रसिद्ध झाली. चार वर्षांनी, नोव्हेंबर १९८७ मध्ये, त्यांची सुधारित आवृत्ती आली, १०३४ आणि १०३५. आजचा डीएनएस अजूनही या दोन कागदांवर उभा आहे.

या रचनेतल्या दोन गोष्टी आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेल्या आहेत.

पहिली गोष्ट, दप्तराची वाटणी. नोंदवही एकाकडे राहणार नाही. वरचा फक्त एवढंच सांगेल की अमुक नावाची चौकशी अमक्याकडे करा. पुढचं दप्तर ज्याचं त्यानं सांभाळायचं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १०३४ मध्ये स्पष्ट अट आहे, की प्रत्येक झोन, म्हणजे प्रत्येकाचं ते दप्तर, कमीत कमी दोन सर्व्हरवर उपलब्ध असलंच पाहिजे. एक बंद पडला तर दुसऱ्यानं उत्तर द्यावं म्हणून. आणि दुसरा सर्व्हर पहिल्याच्या शेजारच्या टेबलावर ठेवला तर त्याचा काय उपयोग? वीज गेली की दोन्ही एकदमच जाणार. म्हणून त्या काळात विद्यापीठं आणि प्रयोगशाळा एकमेकांचं दप्तर सांभाळायच्या. तुमच्या नोंदींची प्रत माझ्याकडे, माझ्या नोंदींची तुमच्याकडे. पैशांचा व्यवहार नाही. आपल्याकडे शेतकरी इर्जिक घालतात ना, आज तुझ्या शेतात माझे बैल, उद्या माझ्या शेतात तुझे, तसंच. म्हणजे आपल्या प्रश्नाचं पहिलं उत्तर होतं: डीएनएस स्वतःकडे ठेवा आणि एक प्रत दूरच्या मित्राकडे ठेवा.

मग आलं वेब, आणि त्यामागून व्यापारी मंडळी. १९९५ च्या सप्टेंबरपासून नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीला डॉट कॉम वगैरे नावांसाठी पैसे घ्यायची परवानगी मिळाली. दोन वर्षांचे १०० डॉलर. नाव नोंदवायचा जो अर्ज होता, त्यात मुख्य आणि दुय्यम अशा दोन नेमसर्व्हरांची माहिती भरावी लागे. आता बघा, एखाद्या फुलवाल्याला किंवा वकिलाला साइट हवीय. तो दोन नेमसर्व्हर कुठून आणणार? इर्जिक घालायला त्याच्या ओळखीचं विद्यापीठ नाही. मग ज्याच्याकडून इंटरनेट किंवा होस्टिंग घेतलं, तोच म्हणाला, आमचे दोन नेमसर्व्हर लिहा, पुढचं आम्ही बघतो. होस्टिंगबरोबर डीएनएस फुकट मिळण्याची जी पद्धत आज आपण बघतो, तिची मुळं इथे आहेत. यात कुणाची लबाडी नव्हती, गिऱ्हाइकाची खरी अडचण त्यामुळे सुटत होती.

आपल्याकडेही तेच झालं. १९९८ मध्ये मुंबईत तुरखिया बंधूंनी डिरेक्टी सुरू केली. त्यांच्या रिसेलरक्लबसारख्या सेवांमुळे गावोगावचे छोटे वेब डिझायनर स्वतःच्या नावानं डोमेन आणि होस्टिंग विकू लागले. २००५ मध्ये डॉट इन सगळ्यांसाठी खुलं झालं आणि २०१४ मध्ये देवनागरीतलं डॉट भारत आलं, ज्यात मराठी आणि कोकणीसुद्धा आहे. पुण्यातला क्लासवाला असो की कोकणातला होमस्टेवाला, त्याला डोमेन, डीएनएस आणि होस्टिंग एकाच बिलात मिळायला लागलं. आपल्या प्रश्नाचं दुसरं उत्तर हे: सगळं एका हाती द्या आणि निवांत राहा.

पण यात १०३४ मधली अट नावापुरतीच उरली. कागदावर नेमसर्व्हर दोन, प्रत्यक्षात दोन्ही एकाच खोलीत. कधीकधी तर एकाच यंत्राला दोन नावं. १९९७ च्या जुलैमध्ये आरएफसी २१८२ हा कागद आला आणि त्यानं पुन्हा बजावलं, की दुय्यम सर्व्हर भौगोलिकदृष्ट्या आणि नेटवर्कच्या दृष्टीनंही लांब ठेवा. किती जणांनी वाचला देव जाणे. कारण जानेवारी २००१ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टची फजिती झाली. त्यांचे चारही नेमसर्व्हर एकाच नेटवर्कमध्ये होते. एका तंत्रज्ञानं राउटरच्या मांडणीत काहीतरी बदल केला आणि चारही एका दमात दिसेनासे झाले. जवळपास एक दिवस कंपनीच्या साइट, हॉटमेल, एमएसएन, कधी लागतात कधी नाही अशी गत. सर्व्हर सगळे चालू होते बरं का, फक्त त्यांचा पत्ता सांगणारं कुणी नव्हतं. त्यानंतर मायक्रोसॉफ्टनं डीएनएसची दुय्यम सोय अकामाई या बाहेरच्या कंपनीकडे दिली.

इथून तिसरं उत्तर आकाराला येतं: डीएनएस हाच ज्यांचा धंदा आहे त्यांच्याकडे तो द्या. या धंद्यातल्या एका कंपनीची सुरुवात वसतिगृहातल्या पोरांनी केली. अमेरिकेतल्या वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांना लॅबमधल्या संगणकापर्यंत लांबून पोचायचं होतं आणि प्रिंट काढायची होती. त्यासाठी केलेल्या उद्योगातून डाइनडीएनएस निघालं आणि पुढे त्याची डाइन नावाची कंपनी झाली.

अशा कंपन्या नक्की जास्तीचं काय देतात? मुख्य गोष्ट म्हणजे एनीकास्ट. एकच आकडी पत्ता जगात अनेक ठिकाणांहून जाहीर करायचा, म्हणजे विचारणारा आपोआप जवळच्या ठिकाणी पोचतो आणि एखादं ठिकाण बंद पडलं तर त्याच्या पुढच्या ठिकाणी जातो. २१ ऑक्टोबर २००२ ला इंटरनेटच्या तेराही रूट सर्व्हरांवर एकाच वेळी हल्ला झाला. त्यानंतर या तंत्राचा प्रसार वेगानं झाला. आपल्या मुंबईत २००५ मध्ये आय रूट सर्व्हरची प्रत बसली ती याच तंत्रामुळे. एखाद्या साध्या होस्टिंग कंपनीला असं जगभर जाळं उभारणं परवडत नाही. ज्यांचा तोच धंदा आहे त्यांना परवडतं.

१० सप्टेंबर २०१२ ला या तिसऱ्या उत्तराला बळ मिळालं. गोडॅडी ही डोमेन, डीएनएस आणि होस्टिंग तिन्ही विकणारी अवाढव्य कंपनी. त्या दिवशी तिच्या राउटरांमधल्या नोंदी बिघडल्या आणि काही तास असंख्य साइट बंद पडल्या. ज्यांचं होस्टिंग दुसरीकडे होतं पण डीएनएस गोडॅडीकडे होता, तेही बसले. गंमत बघा, त्या गडबडीत गोडॅडीनं स्वतःच्या मुख्य साइटचा डीएनएस व्हेरीसाइन या दुसऱ्या कंपनीकडे हलवला.

म्हणजे प्रश्न सुटला? वेगळा पुरवठादार घ्या आणि मोकळे व्हा? तसंही नाही.

डिसेंबर २०१० मध्ये एव्हरीडीएनएस या फुकट सेवेनं विकिलीक्सचं डोमेन काढून टाकलं. त्यांचं म्हणणं असं, की या एका साइटवर होणाऱ्या हल्ल्यांमुळे आमच्याकडच्या जवळपास ५ लाख इतर साइट धोक्यात येतायत. विकिलीक्सबद्दल तुमचं मत काहीही असो, त्या ५ लाखांच्या बाजूनं विचार करून बघा. चाळीत शेजारी कोण आहे यावर आपली झोप अवलंबून असते, तसं इथेही आहे.

आणि मग २१ ऑक्टोबर २०१६. रूट सर्व्हरांवरच्या हल्ल्याला त्या दिवशी बरोबर १४ वर्षं झाली होती. भारतात दुपार कलत आली होती तेव्हा डाइनवर हल्ला सुरू झाला. मिराई नावाच्या व्हायरसनं घराघरातले सीसीटीव्ही कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. ती सगळी यंत्रं एकदम डाइनवर सोडली गेली. ट्विटर, रेडिट, गिटहब, स्पॉटिफाय, एकामागून एक नाहीसे झाले. या सगळ्या बड्या मंडळींनी पुस्तकातलं तिसरं उत्तर तंतोतंत पाळलं होतं. डीएनएस जाणकाराकडे दिला होता. फक्त एकाच जाणकाराकडे दिला होता.

त्यानंतर गिटहबनं काय केलं, तर डीएनएस दोन निरनिराळ्या पुरवठादारांवर वाटला आणि दोन्हीकडच्या नोंदी एकसारख्या राहाव्यात म्हणून ऑक्टोडीएनएस नावाचं साधन लिहिलं. २०१७ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. पुन्हा इर्जिकच, फक्त आता पैसे मोजून. आणि डाइनचं काय झालं? हल्ल्यानंतर महिन्याभरात ओरॅकलनं ती विकत घेत असल्याचं जाहीर केलं, आणि २०१९ मध्ये तिची डीएनएस सेवा बंद करणार असल्याचं सांगितलं. गिऱ्हाइकांना पुन्हा बिऱ्हाड हलवणं आलं.

आता या इतिहासातल्या शेवटच्या दोन घटना, दोन्ही २०२१ मधल्या. पहिली तुम्हाला आठवत असेल. ४ ऑक्टोबरला रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप बंद पडलं. फेसबुक, इन्स्टाग्रामही. आपल्याकडे लोक फोन बंद-चालू करत बसले. झालं असं होतं, की देखभालीच्या एका आदेशामुळे फेसबुकचं आतलं नेटवर्क तुटलं. त्यांचे नेमसर्व्हर त्यांच्याच घरात होते. डेटा सेंटरशी संपर्क तुटला की आपला रस्ता जाहीर करणं थांबवायचं, अशी त्यांना शिकवण होती. त्याप्रमाणे ते इंटरनेटवरून स्वतःहून बाजूला झाले. मग दुरुस्तीला धावलेल्या इंजिनिअरांची आतली साधनंही चालेनात, कारण तीही त्याच डीएनएसवर विसंबून होती.

दुसरी घटना तुमच्या-माझ्यासारख्या छोट्या साइटवाल्यांच्या जास्त जवळची आहे. १० मार्चच्या पहाटे फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळली. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. नेटक्राफ्टच्या मोजणीनुसार ३६ लाख साइट बंद पडल्या.

समजा त्यात तुमची साइट होती. बॅकअप तुमच्या घरच्या संगणकावर आहे, दुसऱ्या होस्टकडे तासाभरात साइट उभी करता येते. आता जगाला नवा पत्ता सांगायचाय. तुमचा डीएनएस वेगळ्या ठिकाणी असेल तर तिथे जाऊन एक ओळ बदलायची. त्या ओळीला मुदत असते, तिला टीटीएल म्हणतात. तुम्ही ती पाच मिनिटांची ठेवली असेल तर पाच-दहा मिनिटांत बहुतेक लोक नव्या जागी पोचतात. पण डीएनएसही त्याच होस्टकडे असेल आणि त्याचे नेमसर्व्हर किंवा कंट्रोल पॅनल बंद असेल तर? मग नेमसर्व्हरच बदलावा लागतो. तो बदल डोमेनच्या रजिस्ट्रारकडून वरच्या दप्तरात जातो. डॉट कॉमच्या दप्तरात या नोंदीची मुदत दोन दिवसांची आहे आणि ती तुमच्या हातात नाही. काही लोकांना साइट लगेच दिसेल, काहींना दोन दिवसांपर्यंत नाही. पाच मिनिटं आणि दोन दिवस, यातला फरक आग लागायच्या आधीच ठरून गेलेला असतो.

आता श्रोत्याच्या प्रश्नाकडे येतो. होस्टिंगवाल्याचा डीएनएस टाकाऊ नसतो. साइट एकच असेल, एखादा दिवस बंद राहिली तरी कुणाचं अडत नसेल, तर राहू द्या तिथेच. त्याचा खरा फायदाही आहे. होस्ट सर्व्हर बदलतो तेव्हा नोंदी तोच बदलतो, ईमेलच्या नोंदी तोच घालतो, तुम्हाला काही बघावं लागत नाही. पण साइटवर ऑर्डरी येत असतील, शाळेचे प्रवेश किंवा दवाखान्याच्या वेळा त्यावरून ठरत असतील, किंवा त्याच डोमेनवर रोजचं ईमेल चालत असेल, तर डीएनएस वेगळा ठेवा. आज चांगल्या वेगळ्या सेवा अगदी कमी पैशांत किंवा फुकटही मिळतात, त्यामुळे खर्चाची सबब उरलेली नाही. आणि साइट तासभर बंद राहिली तरी मोठं नुकसान होत असेल, तर गिटहबसारखे दोन पुरवठादार.

हलवताना एक काळजी घ्या. लोक साइटची नोंद नव्या जागी नेतात आणि ईमेलच्या विसरतात. एमएक्सची ओळ, एसपीएफ आणि डीकेआयएमच्या टीएक्सटी नोंदी, उपडोमेनं, सगळ्याची आधी यादी करा. नव्या नेमसर्व्हरवर सगळं भरा, तपासा, आणि मगच रजिस्ट्रारकडे नेमसर्व्हर बदला. डीएनएसएसईसी चालू असेल तर ते हलवण्याच्या आधी व्यवस्थित उतरवून घ्या. जुन्या जागचं खातं निदान आठवडाभर बंद करू नका.

आणि या सगळ्याच्या आधी एक गोष्ट तपासा. माझ्या ओळखीत एक छोटे प्रकाशक आहेत, दिवाळी अंक काढतात. त्यांचं डोमेन, डीएनएस आणि होस्टिंग, तिन्ही त्यांना साइट करून देणाऱ्या डिझायनरच्या खात्यात होतं. ऐन ऑक्टोबरमध्ये होस्टिंगची मुदत संपली आणि डिझायनर फोन उचलेना. अंक छापून तयार, जाहिरातीत साइटचा पत्ता छापलेला, आणि साइट बंद. नवं होस्टिंग त्यांनी त्याच दिवशी घेतलं, पण नाव तिकडे वळवायला हातात काहीच नव्हतं. दहा वर्षं वापरलेलं नाव सोडून नव्या नावानं सुरुवात करावी लागली, आणि वाचकांची जुनी पत्रं ज्या ईमेलवर यायची तेही गेलं.

तेव्हा आज एवढं करा. रजिस्ट्रारकडे लॉगिन करून बघा, की डोमेन तुमच्या नावावर आणि तुमच्याच ईमेलवर आहे का. मग नेमसर्व्हरच्या दोन ओळी बघा आणि स्वतःला विचारा: आज रात्री माझ्या होस्टची इमारत जळाली, तर या दोघांपैकी एक तरी उद्या सकाळी उत्तर देईल का? उत्तर हो असेल तर होस्टकडेच राहा, खुशाल. नाही असेल तर येत्या रविवारी दोन तास काढा.

पुढच्या भागात ईमेलच्या नोंदींबद्दल बोलू, त्यावरही बरेच प्रश्न आलेत. भेटूच.